घाणीचं मेनूकार्ड

पोट बिघडलं की मराठी माणूस इंग्रजी बोलायला लागतो. एरवी हाच गृहस्थ दुकानावरची पाटी मराठीत नाही म्हणून दुकानदाराची हजेरी घेणारा, पण दवाखान्यात नंबर लागला की डॉक्टरांच्या टेबलाकडे किंचित झुकून, आवाज खाली आणून सांगतो, "सकाळपासून लूज मोशन्स आहेत." जुलाब हा शब्द त्याला ठाऊक नसतो थोडाच! पण 'जुलाब' म्हटलं की माणूस, टमरेल आणि धावपळ असं सगळं चित्रच डोळ्यांपुढे उभं राहतं. 'लूज मोशन' म्हटलं की कुठल्या तरी यंत्राचा नट ढिला झालाय, पाना आणला की भागेल, असं वाटतं. डॉक्टरही तितक्याच गंभीर चेहऱ्याने स्टूल तपासून आणायला सांगतात, आणि स्टुलावर बसलेला पेशंट मान डोलावतो.

हा शब्द इंग्रजांनी कसा कमावला ते ऐकण्यासारखं आहे. स्टूल म्हणजे बसायचं आसन. जुन्या काळी श्रीमंत इंग्रज ज्या भोक पाडलेल्या, खाली भांडं ठेवलेल्या आसनावर विधी उरकायचे, तेही स्टूलच. साहेब कुठे गेलेत, तर स्टुलावर गेलेत. होता होता आसनाचं नाव ऐवजाला चिकटलं. राजाच्या दरबारात तर 'ग्रूम ऑफ द स्टूल' असं पदच होतं. राजेसाहेब त्या आसनावर असताना सेवेला हजर राहायचं, हे काम. आपल्याला वाटेल, कुणा गरिबाच्या नशिबी आलं असेल. छे! आठव्या हेन्रीच्या दरबारात हा मोठा मानाचा हुद्दा होता, कारण राजाच्या इतक्या जवळ, इतक्या निवांत वेळी दुसऱ्या कुणाला जाता येत नसे. सर हेन्री नॉरिस हा त्यातलाच एक. 1536 साली राणी अ‍ॅन बोलिनच्या प्रकरणात त्याचं डोकं उडवलं गेलं. म्हणजे नोकरी मानाची, पण कायमची नव्हे. पुढे कुणाला तरी लाज वाटली असावी. स्पेलिंगमध्ये जराशी फिरवाफिरव करून 'स्टूल'चं 'स्टोल' झालं. ऐकणाऱ्याला वाटावं, राजाच्या खांद्यावरची शाल सांभाळणारा कुणीतरी असेल. ते पद 1901 पर्यंत टिकलं.

इंग्रजीत अशी कपडेबदलाची सोय फार आहे. 1066 साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकलं तेव्हापासून साहेब लोक फ्रेंच बोलू लागले, गोठ्यातली माणसं मात्र आपली इंग्रजीच बोलत राहिली. मग विद्वानांनी वरून लॅटिन ओतलं. त्यामुळे घाणेरड्या गोष्टीला तिथे हटकून दोन नावं. गड्याला 'स्वेट' सुटतो, बाईसाहेबांना 'पर्स्पिरेशन' होतं. गडी 'स्पिट' करतो, साहेब 'एक्स्पेक्टोरेट' करतात. गडी बिचारा 'स्टिंक' करतो. खरं तर स्टिंक हा शब्द मुळात अगदी निरुपद्रवी. जुन्या इंग्रजीत फुलंसुद्धा स्टिंक करायची, म्हणजे त्यांना नुसता वास यायचा. पुढे चांगले वास 'अरोमा' आणि 'फ्रेग्रन्स' यांनी आपसात वाटून घेतले आणि स्टिंकच्या वाट्याला गटार आलं.

गड्याच्या शब्दांत मात्र जान आहे हे मान्य करायला हवं. जे जे बुळबुळीत ते 'स्ल'ने सुरू होतं: स्लाइम, स्लज, स्लश. जे जे नाकातलं ते 'स्न'ने: स्नॉट, स्नीझ, स्निफ, स्नोअर. डिक्शनरी न उघडता नुसत्या सुरुवातीवरून अवयव ओळखावा. पण 'शेंबूड' या शब्दाची सर स्नॉटला नाही. शेंबूड म्हणताना ओठ मध्येच घट्ट मिटावे लागतात, जणू काही आत जाऊ नये म्हणून. चिकट, ओल्या, नकोशा स्पर्शांसाठी आपल्याकडे बुळबुळीत, लिबलिबीत, गिळगिळीत, पचपचीत अशी फौजच आहे, आणि एक अक्षर बदललं की 'गुळगुळीत', म्हणजे हवंहवंसं. वासांचीही तीच कथा. पावसाळ्यात न वाळलेल्या कपड्यांचा कुबट, जुन्या शेंगदाण्यांचा खवट, मासळीच्या पिशवीचा वशट, ब्रेडच्या कोपऱ्यावरचा बुरसट. मराठीची खासियत अशी की हे शब्द वासावर थांबत नाहीत, थेट नातेवाइकांवर येतात. शेंगदाणे खवट आणि सासरेही खवट. ब्रेड बुरसट आणि आत्याबाईंचे विचारही बुरसट. कुजकट तर आता फक्त बोलण्यालाच म्हणतात. भाजी बिचारी नुसती कुजते.

पण खरी कमाल केली ती इंग्रजीत पुस्तकं लिहिणाऱ्या डॉक्टरांनी. शरीरातून निघणाऱ्या नाही नाही त्या गोष्टींना नावं द्यायची वेळ आली तेव्हा या मंडळींनी सरळ स्वयंपाकघर गाठलं. कॉलऱ्याच्या जुलाबाला 'राइस वॉटर', म्हणजे आपलं तांदळाचं धुवण. टायफॉइडच्या जुलाबाला 'पी सूप', वाटाण्याचं सूप. तान्ह्या बाळाचं आतडं आतड्यात शिरून अडकलं की जे बाहेर येतं ते 'रेड करंट जेली'. जठरात रक्तस्राव होऊन उलटी झाली तर 'कॉफी ग्राउंड्स', फिल्टरमध्ये उरलेला चोथा. लिव्हरमध्ये अमीबाने गळू केलं तर त्यातला पू म्हणजे 'अँचोव्ही सॉस'. स्कार्लेट फीव्हरमध्ये जीभ 'स्ट्रॉबेरी'. हृदय थकून लिव्हरमध्ये रक्त तुंबलं तर ते 'नटमेग लिव्हर', जायफळ कापल्यावर आत दिसतं तसं. हृदयाच्या आवरणाला सूज आली की 'ब्रेड अँड बटर', अंडाशयातल्या एका गाठीला 'चॉकलेट सिस्ट'. सूपपासून गोडापर्यंत जेवण पूर्ण. वर पाक हवा असेल तर 1954 साली प्रथम वर्णन झालेला एक आजार आहे, 'मेपल सिरप युरिन डिसीज'. बाळाच्या लघवीला पाकासारखा गोड वास येतो. आजार भयंकर, नाव मात्र नाश्त्याचं.

यात आपल्याकडच्या पोरांची भलतीच पंचाईत होते. अनोळखी गोष्ट ओळखीच्या गोष्टीवरून समजावी म्हणून उपमा द्यायची असते. आता लातूरहून मेडिकलला आलेल्या मुलाने अँचोव्ही नावाचा मासा पाहिलेला नसतो, तर त्याचा सॉस कुठून पाहणार? तो आधी वॉर्डात पू पाहतो. मग डॉक्टर होतो, नाव कमावतो, कधीतरी कॉन्फरन्सच्या निमित्ताने परदेशी जातो. तिथे जेवणाच्या टेबलावर कुणीतरी सॉसची बाटली पुढे सरकवतं आणि हा आनंदाने ओरडतो, "अरे, सेम टू सेम लिव्हर अ‍ॅब्सेस!" त्या टेबलावरचं उरलेलं जेवण वाया जातं.

'सागो स्प्लीन' मात्र आपल्या मुलांना पहिल्या झटक्यात कळतं. प्लीहेत अमायलॉइड नावाचा पदार्थ साचला की कापल्यावर आत साबुदाण्यासारखे चकचकीत दाणे दिसतात. पॅथॉलॉजीच्या तासाला काचेच्या बरणीतली ती प्लीहा बघायची, हात धुवायचे आणि आषाढी एकादशीला मेसमध्ये साबुदाण्याच्या खिचडीपुढे बसायचं. विठ्ठल भक्तांची परीक्षा पाहतो असं ऐकून होतो, पण इतकी? त्यातल्या त्यात नशीब एवढंच की ही नावं ठेवणारे साहेब आपल्याकडे कुणाच्या मुंजीच्या पंगतीला जेवले नव्हते. नाहीतर आज लॅबच्या रिपोर्टवर 'अळूचं फदफदं, सौम्य प्रमाणात' असं छापून आलं असतं आणि निम्मा महाराष्ट्र त्या भाजीला मुकला असता.

या परंपरेचा कळस झाला 1997 साली, ब्रिस्टल शहरात. लुइस आणि हीटन या दोन डॉक्टरांनी शौचाचे सात प्रकार पाडून तक्ता तयार केला. पहिला प्रकार सुक्या मेव्यासारखा, सुटा आणि कडक. मग येतो सॉसेज. गाठाळ सॉसेज, तडे गेलेलं सॉसेज आणि चौथ्या क्रमांकावर मऊ, गुळगुळीत, आदर्श सॉसेज. त्यापुढे घसरण, ती सातव्या क्रमांकाच्या निव्वळ पाण्यापर्यंत. सकाळी अंडी-सॉसेजचा नाश्ता करून दवाखान्यात जाणाऱ्या समाजाने हा तक्ता काढावा, याला धाडस म्हणतात. तक्ता जगभर गेला, पोटाच्या दवाखान्यांत भिंतीवर लागला. त्याची चित्रं छापलेले कॉफीचे मगसुद्धा विकत मिळतात. चेष्टा सोडा, वस्तू उपयोगाची आहे. विशेषतः आपल्याला. तोंडाने काही बोलावंच लागत नाही, चित्रावर बोट ठेवलं की झालं. घोळ होतो तो फक्त शाळेत 'दोन नंबर'ला जायची परवानगी मागत लहानाचे मोठे झालेल्यांचा. "डॉक्टर, दोन नंबरला गेलो होतो, पण सहा नंबरची झाली," असं एक काका सांगत होते. बाहेर बसलेल्यांना वाटलं, बसचा रूट चुकला.

डॉक्टरांनी घाणीला जेवणाची नावं दिली, मग खाण्यापिण्याचे दर्दी मागे कसे राहतील? त्यांनी जेवणाला घाणीची दिली. नाशिककडे द्राक्षमळ्यांत हल्ली वाइन चाखायचे कार्यक्रम असतात. तिथे सॉव्हिन्यॉ ब्लाँ नावाची पांढरी वाइन मिळते. ग्लास गोल फिरवायचा, नाक आत घालायचं आणि काय काय सापडलं ते सांगायचं. या वाइनबद्दल जगभरचे जाणकार जे शब्द वापरतात त्यात ताजं गवत आहे, गूजबेरी आहे आणि 'कॅट्स पी' आहे, म्हणजे मांजराचं मूत. ही तक्रार नव्हे, बऱ्याचदा कौतुकच. रेड वाइनमध्ये ब्रेटानोमायसिस नावाचं यीस्ट शिरलं की तिला गोठ्याचा, घोड्याच्या घामाचा, चिकटपट्टीचा वास येतो. जास्त आला तर माल खराब, थोडासा आला तर 'कॉम्प्लेक्स'. घोडा किती अंतरावर उभा आहे यावर किंमत.

त्याहून थोर शब्द म्हणजे 'नोबल रॉट'. द्राक्षांच्या घडावर एक बुरशी चढते, मणी सुकतात, आतला रस दाट आणि गोड होतो. फ्रान्समध्ये सोटर्नला त्यापासून महागडी गोड वाइन करतात. बुरशीच, पण खानदानी! आता निफाडच्या बागायतदाराला हे समजावून सांगा. भुरी आणि डावणी या दोन रोगांपायी फवारण्या करून त्याची कंबर मोडलेली आहे, रात्री ढग दिसले तरी त्याला झोप लागत नाही.

"म्हणजे घड नासले तर साहेब पैसे जास्त देतो?"

"नासले नाहीत हो, नोबल रॉट."

"मग आमची भुरी काय हलक्या घरची म्हणायची का?"

याला उत्तर नाही. इंग्लंडच्या ग्लूस्टरशरमध्ये चार्ल्स मार्टेल यांनी बनवलेलं 'स्टिंकिंग बिशप' नावाचं चीज मिळतं. नाव एका नासपतीच्या जातीवरून आलंय, पण वास नावाला जागतो. लोक आवडीने, पैसे मोजून खातात. आपल्याकडे कुणी खवय्यांपुढे 'वशट बुवा' नावाचं काही ठेवून बघावं.

बरं, घाण अगदी खिडकीशी आली तरी सुशिक्षित इंग्रज सरळ बोलेल ही आशा नको. लंडनमध्ये 1850 च्या दशकात सगळ्या शहराचं सांडपाणी थेम्समध्ये जात होतं. 1855 साली मायकेल फॅरडे, तोच विजेवरच्या प्रयोगांसाठी गाजलेला शास्त्रज्ञ, बोटीतून चालला होता. पाण्याची अवस्था पाहून त्याने पांढऱ्या कार्डांचे तुकडे केले, ते लगेच बुडावेत म्हणून ओले केले आणि धक्क्याधक्क्यावर एकेक सोडत गेला. तुकडा इंचभर खाली जायच्या आत दिसेनासा व्हायचा, भर उन्हात. मग त्याने ते जसंच्या तसं 'टाइम्स'ला पत्र लिहून कळवलं. मला हा माणूस यासाठी आवडतो. नाक मुरडत विशेषणं शोधण्यापेक्षा त्याने घाण मोजून दाखवली. तीन वर्षांनी, 1858 च्या कडक उन्हाळ्यात, नदीचा वास पार्लमेंटमध्ये शिरला. खिडक्यांचे पडदे क्लोराइड ऑफ लाइममध्ये भिजवून टांगले, तरी सभासद रुमाल नाकाला लावून पळायचे. अर्थमंत्री डिझरेलीसाहेब भाषणाला उभे राहिले आणि त्यांनी थेम्सची तुलना ग्रीक पुराणातल्या पाताळगंगेशी केली. डोळ्यांतून पाणी येतंय, पण पुराण सुटत नाही! वर्तमानपत्रांनी मात्र गड्याचा शब्द उचलला आणि त्या उन्हाळ्याचं नाव इतिहासात 'द ग्रेट स्टिंक' असं पडलं. एवढं झालं तेव्हा कायदा अठरा दिवसांत मंजूर झाला आणि इंजिनियर जोसेफ बॅझलजेटने लंडनखाली गटारं बांधली. वास आमदार-खासदारांच्या नाकापर्यंत पोचायला हवा, हे तत्त्व त्यांना तेव्हा कळलं. आपल्याकडे नद्या वाहतात त्या जागा आणि सभागृहं यांत दुर्दैवाने बरंच अंतर आहे.

आता अमेरिकेकडे या. तिथे जगातला सगळ्यात किळसवाणा शब्द कोणता म्हणून विचारलं तर बरेच लोक 'मॉइस्ट' म्हणतात. ओलसर! त्यात काय आहे? पण साधारण पाचांतल्या एका माणसाला तो ऐकून फळ्यावर नखं घासल्यासारखं होतं. ओबर्लिन कॉलेजच्या पॉल थिबोडो या मानसशास्त्रज्ञाने 2016 साली यावर अभ्यास प्रसिद्ध केला. लोक म्हणायचे, आवाजच कसातरी आहे. मग 'फॉइस्ट', 'रिजॉइस्ड' या सख्ख्या चुलत शब्दांचा त्रास का होत नाही? तर दुखणं आवाजाचं नव्हतं. ज्यांना शरीरातून काही निघण्याचीच किळस, त्यांना हा शब्द बोचतो. केकसोबत आला तर मात्र तो बराच पचतो. म्हणजे व्हॉट्सअ‍ॅपवर 'सुपर मॉइस्ट चॉकलेट केक, एगलेस' अशी जाहिरात टाकणाऱ्या पुण्यातल्या भगिनींना विज्ञानाचा पाठिंबा आहे. त्यांनी फक्त मराठीत जाहिरात करू नये. 'दमट केक' कुणी घेणार नाही.

'ग्रॉस'ही तिकडूनच आला. मूळ फ्रेंच अर्थ जाडा, मोठा. बारा डझनांचा एक ग्रॉस हे आपण गणितात शिकलो, पगाराच्या कागदावर ग्रॉस रोज पाहतो. अमेरिकन पोरांनी त्याचा अर्थ किळसवाणा केला, तो आता आपल्या घरात आलाय. दुधावरची साय ग्रॉस, कारल्याची भाजी ग्रॉस, आजोबांचं चहा बशीतून पिणं ग्रॉस. (पगाराच्या बाबतीत माझा अनुभव उलटा आहे. ग्रॉस बघून बरं वाटतं, किळस नेटची येते.) 'ईऽऽव' मात्र आपण उगाच आयात केलं. 'ईऽऽ' घरचं होतंच. शेवटी नुसता 'व' जोडून शाळांनी लाखभर फी घेतली. तसंच 'शी'चं. कृती आणि तिच्यावरचा अभिप्राय एकाच अक्षरात देणारा इतका काटकसरी शब्द दुसरा नाही: बाळाने शी केली; शी! आता बाळं पॉटी करतात. इंग्रजीतही 'पू' हा तसाच दुहेरी शब्द, आणि शिवाय ते त्यांच्या लाडक्या अस्वलाचं नाव. पण 'विनी द पू'ची गोष्ट नातवाच्या तोंडून ऐकणारी मराठी आजी आधी हळद शोधते.

किळस ही जिभेवरून आली असं डार्विनचं म्हणणं. 1872 च्या पुस्तकात त्याने एक प्रसंग सांगितलाय. दक्षिण अमेरिकेच्या पार टोकाला, टिएरा देल फुएगोला, तो मुक्कामावर थंड डबाबंद मांस खात बसला होता. तिथल्या एका रहिवाशाने त्या मांसाला बोट लावून पाहिलं आणि ते इतकं मऊ लागलं की त्याचा चेहरा किळसेने वाकडा झाला. इकडे डार्विनला त्याने बोट लावल्याची किळस आली, जरी त्याचे हात, डार्विनच लिहितो, काही घाण दिसत नव्हते. एकच मांसाचा तुकडा आणि दोघांनाही एकाच वेळी शिसारी! यातल्या एकाने पुस्तक लिहिलं. दुसऱ्याने घरी जाऊन बायकोला काय सांगितलं असेल ते मला वाचायला आवडलं असतं.

आपल्याकडे साहेबाने घाणीसाठी ठेवलेला सरकारी शब्द म्हणजे 'न्यूसन्स'. 1860 च्या दंडसंहितेत 268 व्या कलमात 'पब्लिक न्यूसन्स' होता आणि भिंतींवर 'कमिट नो न्यूसन्स' रंगवलेलं असायचं. खून कमिट करतात, आत्महत्या कमिट करतात, तसा न्यूसन्स. ज्याला इंग्रजी वाचता यायचं त्याला अर्थ लागायचा नाही, आणि ज्याने कमिट करायचं तो पाटीखालीच सावली बघून उभा राहायचा. म्युनिसिपालट्यांच्या कागदांत मैल्याला 'नाइट सॉइल' म्हणत, रातची माती. आपल्या शेतकऱ्याने त्याचंच 'सोनखत' केलं होतं. नावं ठेवणाऱ्या दोघांनाही ते डोक्यावरून वाहून न्यावं लागत नव्हतं. ज्यांना न्यावं लागलं त्यांच्यासाठी बंदीचा कायदा यायला 1993 उजाडलं, आणि तोही कागदावर अधिक चालला.

शब्दांनी भागत नाही हे शेवटी आपल्या कचेऱ्यांनी आणि सोसायट्यांनी ओळखलं. 'थुंकू नये' झालं, 'डोन्ट स्पिट' झालं, 'थुंकल्यास दंड' झालं. मग कुणीतरी जिन्याच्या कोपऱ्यात देवांच्या चित्रांच्या फरशा बसवल्या: गणपती, साईबाबा, येशू, मक्का, सगळे एका ओळीत. आता तो कोपरा लखलखीत असतो. थुंकणारा येतो, तोंड भरलेलं असल्यामुळे मनातल्या मनात नमस्कार करतो आणि जिथे फरशी संपते तिथून वीतभर पुढे, अगदी भक्तिभावाने, मोकळा होतो.